हिवाळ्यात सकाळी डॅशबोर्ड खडखडतो, दुपारी गप्प होतो. तापमानाचा काही संबंध असतो का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी आहेत: नाशिकच्या थंडीत सकाळी निघालं की डॅशबोर्डमधून खडखड, दुपारी परतताना काहीच नाही, आणि सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, "आवाज येतच नाही साहेब." गाड्यांच्या आतल्या ट्रिमचं, म्हणजे प्लास्टिकची पॅनल आणि कव्हरं यांचं, काम करतो म्हणून सांगतो, संबंध तापमानाशीच दिसतोय. आणि सर्व्हिस सेंटरवाले खोटं बोलत असतील असंही नाही. त्यांच्या हातात गाडी येते अकरा-बाराला, तोवर आवाज पळालेला असतो.

डॅशबोर्ड बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि त्यामागची आडवी दांडी सहसा पोलादाची. तापमान तेवढंच वाढलं तरी हे प्लास्टिक पोलादाच्या पाच-सहा पट प्रसरण पावतं. समजा डॅशबोर्ड 1.4 मीटर रुंद आहे. पहाटे 10 अंश, आणि काचा लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याचा पृष्ठभाग 60 अंश. एवढ्या फरकाला प्लास्टिक साडेपाच मिलिमीटरच्या आसपास वाढू बघतं, पोलाद जेमतेम एक. म्हणूनच प्लास्टिकच्या भागांत काही स्क्रूंची भोकं गोल न ठेवता लांबट ठेवलेली असतात. क्लिप सैल पडल्या, फोमची पट्टी दबली, की तीच ठेवलेली जागा वाजायला लागते.

थंडीत तुकडे आकसतात, फटी रुंदावतात, रबर आणि फोम कडक होऊन धक्के शोषत नाहीत. मग तुकडे एकमेकांवर आपटतात, ती तुमची खडखड. उन्हाळ्यात तेच तुकडे फुगून एकमेकांना रेटतात आणि अडकत-सुटत घासतात, तेव्हा कुरकुर येते. हा नियम शंभर टक्के नाही: दाराचं बीडिंग रबर थंडीतही कुरकुरतं. तापलेल्या डॅशबोर्डवर एसीची थंड हवा लागली की येणारी टिकटिक मात्र सोडून द्या.

आधी ग्लव्हबॉक्स, चष्म्याचा कप्पा, कपहोल्डरमधली चिल्लर, सीटबेल्टचं बक्कल, मागचा जॅक, सगळं काढून बघा. हसू नका, बरेचदा तिथेच निघतं. नंतर सकाळी थंड गाडीत शेजारी कुणाला तरी बसवा, खराब रस्त्यावर 20-30 च्या वेगाने चालवा आणि त्यांना पॅनल एकेक करून तळहाताने दाबायला सांगा. जिथे दाबल्यावर आवाज थांबतो, तिथली फट. तिथे फेल्ट टेपची पातळ पट्टी बसवली की काम होतं. बीडिंगला सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगून खराब होतं. समोरच्या काचेच्या कडेच्या खांबांच्या कव्हरमागे स्वतः फोम कोंबू नका. ज्या गाडीत कर्टन एअरबॅग (बाजूच्या खिडक्यांवर पडद्यासारखी उघडणारी) असते, तिच्यात ती तिथूनच जाते.

वॉरंटी चालू असेल तर गाडी आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडेच उघड्यावर ठेवा. जॉब कार्डवर "सकाळी इंजिन सुरू केल्याबरोबर, खराब रस्त्यावर, डावीकडून" इतकं नेमकं लिहून घ्या. आणि सकाळी पहिल्या फेरीला त्यांच्या माणसाला घेऊन तुम्हीच चालवा.