बेलासारखी पानं दिसली की सावध व्हा

प्रश्न : आम्ही लंडनजवळ राहतो. कुंडीतल्या मेयर लिंबाची पानं जानेवारीत गळाली, फांद्या तपकिरी पडल्या. आता मार्चमध्ये बुडाशी एक जोमदार, काटेरी फूट आलीय. वरचं वाळलेलं सगळं कापून हीच फांदी वाढवू का?
– एक वाचक

उत्तर : ताई, कात्री खाली ठेवा. आधी त्या फुटीचं पान बघा. बेलासारखी तीन दलं आहेत का? मग ते तुमचं लिंबू नव्हे, खालचा खुंट आहे. थंड देशांत लिंबाचं कलम बहुधा त्रिदली संत्र्याच्या खुंटावर (खालच्या मुळाच्या झाडावर) बांधतात, कारण तो कडक हिवाळाही सोसतो. फळ मात्र कडू, बियांनी गच्च. आमच्या नागपूरजवळच्या काटोलकडे खुंट जंबेरी या काटेरी लिंबाचा असतो, पण दुखणं तेच : डोळ्याखालची (कलमाच्या जोडाखालची) फूट राहू दिली की ती वरचं कलम खाऊन टाकते. फूट कोवळी असतानाच बुडातून पिळून उपटा. नुसती कापली तर पुन्हा फुटते.

वरच्या फांद्यांना मेअखेरपर्यंत हात लावू नका. नखाने साल खरवडा. आत हिरवं असेल तर फांदी जिवंत आहे. इकडे थंड देशात आल्यावर पहिल्याच वर्षी मी फेब्रुवारीत घाईने सल (वाळक्या फांद्या) काढायला बसलो आणि तिसऱ्या फांदीला आत हिरवं दिसलं. तोवर दोन जिवंत फांद्या गेल्या होत्या. नवे कोंब दिसले की त्यांच्या वरपर्यंतच छाटा. ऑगस्टनंतर छाटणी नको, तेव्हा आलेली कोवळी फूट पहिल्याच गोठत्या दहिवरात काळी पडते. पानसोट (जोमाने सरळ वर जाणाऱ्या, फळ न देणाऱ्या फांद्या) आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या सोडल्या तर लिंबाला फारशी छाटणी लागतही नाही.

पानं का गळाली? कुंडी काचेच्या खोलीत, गार फरशीवर असणार. माती 12-13 अंशांखाली गेली की मुळं जवळजवळ झोपतात, वर उन्हात पानं मात्र पाणी मागत राहतात. कुंडीखाली लाकडी फळी द्या आणि हिवाळ्यात वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका.

जमिनीतच लावायची हौस असेल तर मेयर नको. युझू (जपानी लिंबू) किंवा ओवारी सत्सुमा (थंडी सोसणारं जपानी संत्रं) आणा, तेही दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत. चांगलं रुजलेलं युझू उणे 8 अंशही काढतं. त्याचे काटे मात्र जंबेरीला लाजवतील, हातमोजे जाड घ्या.