मुलाला काही त्रास नसताना शाळेत मिळणारी जंताची गोळी द्यावी का?

हो, जरूर द्या. पोटात थोडे जंत असतील तर बाहेरून काहीच कळत नाही. पोर खेळतं, जेवतं, फक्त अंगाला लागत नाही. अंकुशकृमी तर आतड्याला चिकटून रक्त पितात, मग मूल फिकट दिसायला लागतं, वर्गात पेंगतं.

‘गोड खाल्लं की जंत होतात’ हे मात्र खरं नाही. उघड्यावर शौच झाली की जंतांची अंडी मातीत जातात. तिथून न धुतलेल्या गाजर-कोथिंबिरीवर, नखांत आणि शेवटी तोंडात. अंकुशकृमीची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतूनच आत शिरते, म्हणून शेतात जाणाऱ्या पोरांच्या पायात चप्पल हवीच.

२०१५ पासून देशात जंतनाशक दिन पाळतात, १ ते १९ वर्षांच्या मुलांसाठी. गोळी अल्बेंडाझोलची, ४०० मिलिग्रॅम. एक ते दोन वर्षांच्या बाळाला अर्धीच, तीही चुरून पाण्यातून. मोठ्या मुलांनी चावून खायची. मी शाळेत शिकवते. मुलं गोळी गालात धरून ठेवतात, म्हणून आम्ही ती समोरच चावायला लावतो.

त्या दिवशी ताप असेल किंवा दुसरं औषध चालू असेल तर थांबा आणि आशाताईंना सांगा, राहिलेल्या मुलांसाठी नंतर वेगळा दिवस असतो. गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी होऊ शकते, बहुधा जंत जास्त असलेल्यांना. ती आपोआप थांबते.

गोळी पोटातले जंत मारते, नवे येणं अडवत नाही. म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा द्यायची, आणि नखं दर आठवड्याला कापायची.