लाइन तुटली, पण लॉगिन उघडंच!

प्रश्न : म्हापशाच्या दुकानातून पणजीतल्या लिनक्स सर्व्हरला मोडेमने डायल करतो. मध्येच लाइन तुटली तर लॉगिन तसंच उघडं राहतं. पुढच्या कॉलला पासवर्डही विचारला जात नाही. शिवाय मोडेम 56केचे असून वेग 33.6केच्या वर जात नाही.

उत्तर : पहिला दोष घातक आहे, तो दूर होईपर्यंत डायल-इन बंद ठेवा. लाइन तुटल्याचं सर्व्हरला कळतच नाही. मोडेमला 'एटी&सी1' (कॅरिअर, म्हणजे समोरच्या मोडेमचा सूर, असेल तरच डीसीडी हा मोडेमचा संकेत चालू) आणि 'एटी&डी2' (डीटीआर, म्हणजे सर्व्हर तयार असल्याचा संकेत, पडला की फोन ठेवणे) द्या, '&डब्ल्यू'ने साठवा. मग केबल पाहा. स्वस्तातल्या तीन तारांच्या केबलमध्ये हे संकेत येतच नाहीत; 9 पिनी जोडणीत डीसीडी 1 नंबरवर, डीटीआर 4 नंबरवर असते. इनिटटॅब या फाइलमध्ये एगेटी (लाइनवर लॉगिन विचारणारा प्रोग्रॅम) याच्यापुढे '-एल' असेल तर काढा. तो पर्याय थेट तारेने जोडलेल्या टर्मिनलसाठी, त्यामुळे कॅरिअर गेल्याकडे दुर्लक्ष होतं.

आमचं मत विचाराल तर एगेटी सोडून एमगेटी हा मोडेमसाठीचा तसाच प्रोग्रॅम घ्या. घंटी वाजली की फोन तो स्वतः उचलतो, म्हणून मोडेमला 'एस0=0' (आपोआप फोन न उचलणे) ठेवा. एगेटीच ठेवणार असाल तर 'एस0=1' (पहिल्या घंटीला फोन उचलणे) आणि 'ई0क्यू1' (आलेलं परत न पाठवणे, उत्तरही न देणे) हवंच. नाहीतर लॉगिनची ओळ मोडेम परत पाठवतो, सर्व्हर त्यालाच नाव समजतो आणि दोघांचा संवाद अखंड चालतो!

वेगाचं म्हणाल तर दोष नाही. 56केसाठी एक टोक डिजिटल लाइनवर लागतं; दोन्ही टोकं साध्या लाइनवर असली तर 33.6केच्या वर जाता येत नाही. पावसात टेलिफोनच्या तारेचे सांधे ओले झाले की वेग आणखी उतरेल. विजा चमकू लागल्या की वीजेचा प्लगच नव्हे, टेलिफोनची तारही काढा.