बाबांच्या मोबाईलवरचा प्रश्न

*प्रिय माई,*

*आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. मुलगी नववीत, मुलगा सातवीत. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर येऊन सातवी ते दहावीच्या मुलांना 'वयात येताना' या विषयावर तीन तास घेणार, पालकांनी सही करून फॉर्म द्यावा, असं शाळेने पीटीएच्या, म्हणजे पालक-शिक्षक संघाच्या, बैठकीत सांगितलं. बैठकीत भांडणच झालं. आमच्या ह्यांनी दोन्ही फॉर्म घडी करून खिशात घातले, ते अजून बाहेर काढलेले नाहीत. "नको ते शिकवलं की पोरं करून बघतात," म्हणतात. त्यात आमच्या वाड्यावरच्या एका सोळा वर्षांच्या मुलीला दिवस गेल्याचं आत्ता पाचव्या महिन्यात कळलं. तिला बाहेरगावी मावशीकडे पाठवलंय. बायका म्हणतात, मोबाईलने बिघडली. तिच्या धाकट्या बहिणीशी बोलायचं नाही, असं मी आमच्या पोरीला सांगून ठेवलंय. आणि माई, गेल्या आठवड्यात ह्यांच्या मोबाईलवर गॅसवाल्याचा नंबर शोधत होते, तर मुलीने गूगलला विचारलेलं दिसलं: 'किस केल्यावर प्रेग्नंट होतात का?' माझे हातपाय गार पडले. अजून कोणाकडे बोलले नाही. सही करू की नको? आणि तिला विचारू की गप्प बसू?*

*— एक आई*

ताई,

तो प्रश्न पुन्हा एकदा वाचा. जिला सगळं ठाऊक असतं, ती मुलगी असं विचारत नाही. तुमची पोर पेशी आणि ऊतींच्या आकृत्या पाठ करते, पण चुंबनाने दिवस जात नाहीत एवढं तिला कोणी सांगितलेलं नाही. वर्गात कोणीतरी काहीतरी फेकलं असेल. किंवा खरंच कोणी आवडत असेल, शिरगावच्या जत्रेत एखादा क्षण घडून गेला असेल आणि पोर आठ दिवस पोटात गोळा घेऊन फिरत असेल. मोबाईललाच का विचारलं? कारण तुमच्या घरात "तुला हे कशाला हवं?" असं उलट न विचारणारा तो एकच आहे.

सही करा. कारण सांगायला मला माझीच जुनी लाज काढावी लागेल.

मी तीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे; कंडोम, तांबी, गोळ्या, सगळं त्यात छापलेलं. मी काय करायची? जास्वंदीचं फूल उभं चिरून परागण दोन तास शिकवायची, अमीबाचे दोन अमीबा रंगीत खडूने काढायची, आणि माणसाचा भाग आला की, "हे घरी वाचा, आकृती महत्त्वाची आहे." मागच्या बाकावरची मुलं हसायची, मुली माना खाली घालायच्या. घंटा झाली की मलाच सुटल्यासारखं वाटायचं.

एका वर्षी मार्च महिन्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना, एक मुलगी रोज भावाचं ढगळ जॅकेट घालून यायला लागली. युनिफॉर्मचा नियम म्हणून मी तिच्यावर दोनदा ओरडले. मग एका सकाळी प्रार्थनेला चक्कर येऊन पडली, तेव्हा कळलं, सहावा महिना. आई बिचारी पित्त समजून ओवा चारत होती. मी तिला म्हटलं, अगं, कोणाला तरी सांगायचंस. ती म्हणाली, "काय म्हणून सांगू, टीचर?"

मला वाटलं उद्धटपणा करते आहे. घरी येऊन रात्री कळलं, ती शब्द विचारत होती. पुस्तकातले इंग्रजी शब्द तिच्याकडे होते, पण ते पेपरात लिहायचे, आईपुढे काढायचे नाहीत. घरातले शब्द म्हणाल तर 'बाहेरची झाली', 'कावळा शिवला', 'तिथं', 'खाली'. एवढी मोठी गोष्ट एवढ्याशा शब्दांत कशी सांगायची? म्हणून तिने जॅकेट घातलं.

तेव्हापासून या शिक्षणाकडून माझी अपेक्षा फार साधी आहे. पोरं चुकणारच नाहीत, अशी हमी कोणीच देऊ शकत नाही, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरही नाही. पण काही घडलं, किंवा कोणी काही केलं, तर ते वेळेत सांगता यावं.

आता तुमच्या ह्यांचं "करून बघतात". हे म्हणणं शंभर वर्षं जुनं आहे. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, तेव्हा लोक हेच म्हणायचे. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले. १९३४ च्या खटल्यात बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. २००७ मध्ये शाळांतला किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी बंद पाडला, तेव्हाही कारण तेच: मुलं बिघडतील, आपली संस्कृती नाही. मधल्या काळात कारण जागचं हललं नाही. मोबाईल मात्र उशाशी येऊन बसला.

जगभरचे अभ्यास पाहून युनेस्कोने २००९ मध्ये मार्गदर्शिका काढली, २०१८ मध्ये ती सुधारली. त्यात स्वच्छ म्हटलंय, असं शिकवल्याने मुलं लवकर सुरुवात करत नाहीत; काही ठिकाणी तर उशिरा करतात. इंग्लंडने १९९९ मध्ये हे काम ठरवून हाती घेतलं, आणि साधारण पंधरा वर्षांत अठराच्या आतल्या मुलींना दिवस जाण्याचं प्रमाण निम्म्याच्या खाली आणलं. पण नुसती व्याख्यानं देऊन नव्हे हं. शाळेत शिकवलं, आणि पोरांना न लाजता जाता येईल असे दवाखानेही काढले. आपल्याकडे सप्टेंबर २०२४ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयानेही लैंगिक शिक्षणाबद्दलच्या गैरसमजांवर बोट ठेवलं.

आकडे म्हणाल तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या ६.८ टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. त्यात लवकर लग्न लावून दिलेल्याही आल्या. गोव्यात हे प्रमाण त्याहून कमी, म्हणून आपण मान वर करून सांगतो, आमच्याकडे असलं काही नाही. असतं, ताई. ते मावशीकडे जातं.

ह्यांच्या एका शंकेला मात्र मी मान देते: कोण येणार, काय दाखवणार? हे विचारायचा पालकांना पूर्ण हक्क आहे. शाळेत जा, काय शिकवणार ते बघायला मागा, वाटलं तर मागे खुर्ची टाकून बसा. आपल्याकडे पुष्कळदा 'तसलं लेक्चर' म्हणजे मुलांना मैदानावर पिटाळायचं, मुलींना वर्गात कोंडायचं आणि एकेक सॅनिटरी पॅड हातात देऊन फोटो काढायचा. तसं असेल तर पीटीएत खरं भांडण त्यावर करा.

आणि डबा ठेवायला सांगा. त्या जॅकेटवाल्या मुलीनंतरच्या वर्षी मी बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा वर्गात ठेवला, झाकणाला चीर पाडून. नाव न घालता काहीही विचारा म्हटलं. पहिल्या आठवड्यात फक्त शिव्या निघाल्या. दुसऱ्या आठवड्यात चिठ्ठ्या आल्या. 'झोपेत कपडे ओले होतात, हा रोग आहे का?' 'पाळीत चुकून देवळात गेले, आता काय होईल?' 'मुलगा शेजारी बसला तर काही होतं का?' आणि वहीच्या चतकोर पानावर, पेन्सिलीने: 'काका मांडीवर बसवतात ते मला आवडत नाही. नको म्हणू शकते का?' अक्षर माझ्या ओळखीचं होतं. पुढचं सगळं सांगत नाही, पण १०९८ हा मुलांसाठीचा हेल्पलाईन नंबर मला त्या दिवसापासून पाठ आहे. तो तुमच्या फ्रिजवर चिकटवून ठेवा.

आता वाड्यावरच्या मुलीबद्दल. तिची ओळख पटेल असं तुमच्या पत्रातलं सगळं मी काढून टाकलंय. अशा मुलीची ओळख फोडणं हा कायद्याने गुन्हा आहे, आणि हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांच्या घोळक्यातही ते लक्षात ठेवायला हरकत नाही. तुम्ही सगळ्या तिला बिघडली म्हणता. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यापुढे अठराच्या आतली मुलगी बालक आहे. तिची 'मर्जी होती' हे तिथे चालत नाही. मुलगाही सतरा-अठराचा पोरच असेल तर त्याचंही आयुष्य अडकतं, बाल न्याय मंडळापुढे किंवा कोर्टात. अठराचा नियम या बाबतीत फार ताठ आहे का, यावर वाद चालू आहे, आणि माझं स्वतःचं मतही डळमळतं. पण आज कायदा हा आहे, आणि तो नववीतल्या मुलामुलींपैकी कोणालाही ठाऊक नाही.

तिच्या आईला गाठा आणि हे सांगा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलीचा गर्भपात २४ आठवड्यांपर्यंत कायद्यात बसतो. २० पर्यंत एका डॉक्टरांचं मत पुरतं, पुढे दोघांचं लागतं, आणि पालकाची लेखी संमती लागते. त्यानंतर कोर्टाची पायरी चढावी लागते. पाचवा महिना म्हणजे विसाव्या आठवड्याच्या आसपास. तिने काय करायचं ते तिने आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचं, पण ठरवायला हातात दिवस हवेत, आणि ते मावशीच्या माडीवर लपून संपताहेत. नाव बाहेर फुटेल या भीतीने लोक डॉक्टरकडे जात नाहीत. डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं हे खरं. पण मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर त्या कळवण्यात तिची ओळख द्यायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय. बाळ ठेवायचं ठरलं तरी गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, किंवा जिल्हा इस्पितळात नाव घालून नियमित तपासणी हवीच. या वयात रक्त कमी पडतं, रक्तदाब वाढून झटके येऊ शकतात, बाळ कमी वजनाचं होतं. कच्ची पपई, गावठी काढा, फार्मसीतून कोणाकरवी मागवलेल्या गोळ्या, यातलं काहीही नको. त्याने पोरी रक्तस्रावाने दगावतात.

आणि तुमच्या मुलीला घातलेली बंदी आजच्या आज उठवा. त्या बंदीतून तिला एकच गोष्ट कळली आहे: असं काही झालं की माझी आई तोंड फिरवते. ती गूगलकडे गेली यात नवल काय?

तिला समोर बसवून "मला तुझ्याशी बोलायचंय" असं मुळीच करू नका. हातांना काम आणि डोळ्यांना दुसरीकडे बघायची सोय हवी. सुंगटं, म्हणजे कोळंबी, आणा आणि दोघी मागच्या दारी सोलायला बसा. पाच-दहा सोलून झाली की म्हणा, "बाबांच्या फोनवर मला तुझा प्रश्न दिसला. नाही, त्याने काही होत नाही." चोरून बघितलं असं वाटू देऊ नका, गॅसवाल्याचा नंबर शोधत होते हे खरं तेच सांगा. मग दिवस कसे जातात ते सांगा, साध्या वाक्यात, योनी आणि गर्भाशय म्हणताना आवाज खाली न आणता. आधी एकट्याने आरशापुढे म्हणून बघा, मी बघितलं होतं. पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहायला शिकवा. कोण आहे, कुठे भेटला, हे त्या दिवशी विचारू नका. एवढंच सांगा, पाळी चुकली, कोणी हात लावला, कोणी फोटो मागितला, तर पहिली मला सांगायचं. मी पाच मिनिटं आरडाओरडा करीन, मग आपण दोघी रिक्षा करून डॉक्टरकडे जाऊ. पाच मिनिटांचं मुद्दाम लिहिलंय. "मी अजिबात रागावणार नाही" म्हणालात तर तिचा विश्वास बसायचा नाही, ती तुम्हाला ओळखते.

सातवीतल्या मुलाबद्दल तुम्ही पत्रात वर्ग सांगितलात आणि पुढे एक शब्द नाही. काळजी सगळी मुलीची. अहो, दिवस काय मुलीला एकटीला जातात? आवाज फुटायच्या आत त्याला बापाने सांगायला हवं, शरीरात काय होतं ते, आणि समोरची 'नको' म्हणाली की नको, हेही. तुमच्या ह्यांना हे जमणार नाही, लाजतील. म्हणून तर डॉक्टर येताहेत. फॉर्म दोन आहेत हे त्यांना याच शब्दांत सांगून बघा. मुलीचं नाव काढलं की पुरुष दार लावून घेतात, मुलाचं काढलं की थोडं ऐकतात. हे बरं नाही, पण सध्या उपयोगाचं आहे.

तरीही खिशातून कागद निघालाच नाही, तर शर्ट धुवायला तुम्हीच टाकता ना? फॉर्मवर काय छापलंय ते नीट वाचा. 'वडिलांची सही' असं नसेल, 'पालकाची सही' असं असेल.

— माई