वाचकांचे प्रश्न : घर, आजार आणि संशोधनाचा निधी

प्रश्न : ओलसर घरे आणि मुलांचा दमा यांवरचा आमच्या विभागाचा निधी-प्रस्ताव परत आला. ओलसर आणि कोरड्या घरांतल्या मुलांची तुलना आम्ही सुचवली होती. 'कार्यकारणभाव दिसणार नाही' एवढाच शेरा आहे. चूक कुठे झाली?

उत्तर : शेरा तुटक असला तरी रास्त आहे. ओलसर घरातले कुटुंब बहुधा गरीबही असते. खोलीत माणसे जास्त, वाहत्या रस्त्याचा धूर जवळ, औषधोपचारात खंड. यातले दम्याला कारण कोणते, हे नुसत्या तुलनेतून सुटत नाही. बाण उलटाही असू शकतो : आजारपणात कमाई बुडाली म्हणून कुटुंब स्वस्त, ओलसर खोलीत आलेले असते. उत्पन्न आणि शिक्षण यांचा हिशेब आकडेमोडीत धरला की भागले, असे पुष्कळ प्रस्ताव मानून चालतात. पण जे मोजलेच नाही, त्याचा हिशेब धरणार कसा?

म्हणून घर सुधारणे किंवा बदलणे कुटुंबाच्या स्वतःच्या परिस्थितीवर ठरत नसेल, अशी जागा शोधा. न्यूझीलंडमध्ये कमी उत्पन्नाच्या 7 वस्त्यांतल्या 1,350 घरांना उष्णतारोधक आच्छादन द्यायचे होते. निम्म्यांना आधी, निम्म्यांना अभ्यासानंतर, आणि क्रम सोडतीने. 2007 मध्ये निष्कर्ष छापून आले. हिवाळ्यात झोपण्याच्या खोलीचे तापमान सरासरी अवघे अर्धा अंश वाढले होते, तरी आपली तब्येत बरी नाही असे सांगणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे घटले. मेक्सिकोत मातीच्या जमिनीवर सिमेंट घालण्याची योजना एका राज्यात होती आणि सीमेपलीकडच्या शेजारच्या शहरात नव्हती. तिथे सोडतीची गरजच पडली नाही. मुलांमधले जंत, जुलाब आणि रक्तक्षय यांतली घट सीमेच्या दोन बाजूंच्या तुलनेतून दिसली.

तुम्हीही दुरुस्ती करणाऱ्या गृहनिर्माण यंत्रणेचे पुढच्या 2-3 वर्षांचे वेळापत्रक मिळवा. सगळ्या इमारती एकदम होणार नसतातच. मग कोणती आधी, हे सोडतीने ठरवण्याची लेखी संमती घ्या आणि ते पत्र प्रस्तावाला जोडा. परीक्षकांच्या दृष्टीने त्या एका पानाला फार वजन असते. पहिली मोजणी दुरुस्तीआधी, दुसरी पुढच्या वर्षी त्याच ऋतूत. ओल 'आहे का?' असे नुसते विचारू नका; झोपायच्या खोलीत तापमान आणि आर्द्रता दर तासाला नोंदवणारे यंत्र ठेवा. मुलाची फुप्फुसक्षमता तपासणाऱ्याला घर कोणत्या गटातले आहे हे कळता कामा नये.

इथे हमखास बिघडते ते वेळापत्रक. दुरुस्ती लांबते, अनुदानाची मुदत संपते आणि दुसरी मोजणी राहून जाते. म्हणून मोजणीच्या तारखा कॅलेंडरला न बांधता दुरुस्ती पूर्ण झाल्याच्या दिवसाला बांधा, आणि वाढीव निधी न मागता मुदतवाढ मिळेल का, हे निधीदात्याला आधीच विचारून ठेवा.

प्रश्न : किती घरे घ्यावीत? मार्गदर्शक 400 म्हणतात, सांख्यिकी विभाग जवळजवळ दुप्पट सांगतो.

उत्तर : सांख्यिकी विभागाचे ऐका. एखादे प्रमाण 5 टक्के इकडेतिकडे अचूकतेने काढायला साध्या नमुन्यात साधारण 385 घरे लागतात, म्हणून मार्गदर्शकांचे 400. पण तुम्ही इमारती निवडून प्रत्येकीतली अनेक घरे घेणार. एकाच इमारतीतली घरे एकमेकांसारखी असतात : गळकी नळवाहिनी एकच, घरमालक एकच. त्यामुळे विसाव्या घरातून नवी माहिती थोडीच मिळते. एका इमारतीतल्या घरांच्या संख्येतून 1 वजा करा, त्याला समूहांतर्गत सहसंबंधाने (एका इमारतीतली घरे एकमेकांशी किती मिळतीजुळती आहेत, याचे माप) गुणा, त्यात 1 मिळवा. 20 घरे आणि सहसंबंध 0.05 असेल तर गुणक येतो 1.95, म्हणजे 400 ची झाली 780, इमारती 39. प्रत्येक इमारतीत 10 च घरे घेतली तर गुणक 1.45, घरे 580, पण इमारती 58. घरे कमी, फिरणे जास्त. प्रवास महाग की मुलाखत महाग, यावर यातले एक निवडा आणि का निवडले ते अंदाजपत्रकाच्या समर्थनात लिहा.

भाडेकरू घरे बदलतात. वर्षभरात 20 टक्के गळती धरली, तर शेवटी 780 उरायला सुरुवातीला 975 हवीत. शिवाय हा हिशेब एका प्रमाणापुरता आहे. दोन गटांतला फरक शोधायचा असेल तर तो वेगळा करावा लागतो. त्यात ज्यांना लाभ देऊ केला त्यातले किती जण तो खरोखर घेतील, तेही येते. अमेरिकेत 1994 ते 1998 या काळात 5 शहरांतल्या 4,604 कुटुंबांवर प्रयोग झाला. कमी गरिबीच्या वस्तीत जाण्यासाठी भाडे-मदत देऊ केलेल्या गटातल्या निम्म्याहून कमी कुटुंबांनी ती वापरली. निम्म्यांनीच लाभ घेतला तर गटाचा सरासरी परिणाम निम्मा दिसतो, आणि तो पकडायला नमुना चौपट लागतो. लाभ किती जण घेतील हा आकडा छापील अर्जात क्वचितच दिसतो, तो घाला.

प्रश्न : विद्यापीठ अप्रत्यक्ष खर्च (जागा, वीज, कार्यालय यांचा वाटा) कापते. तो कशावर मोजायचा?

उत्तर : निधीदात्याच्या नियमावर, विद्यापीठाच्या सवयीवर नाही. युरोपीय संघाच्या 'होरायझन युरोप' या संशोधन-निधी योजनेत तो प्रत्यक्ष खर्चाच्या सरसकट 25 टक्के असतो, पण बाहेर दिलेल्या कामाची रक्कम त्या पायातून वगळतात. प्रत्यक्ष खर्च 1,00,000 युरो आणि त्यातले 20,000 सर्वेक्षण संस्थेला, तर 80,000 चे 25 टक्के, म्हणजे 20,000. पूर्ण लाखावर 25,000 लावले की अंदाजपत्रक चुकते.

प्रश्न : आजारी कुटुंबांची घरे नकाशावर ठिपक्यांनी दाखवली तर निष्कर्ष जास्त पटतील ना?

उत्तर : पटतील, आणि त्या कुटुंबांना घर सोडावे लागू शकेल. अनधिकृत खोली, करारापेक्षा जास्त माणसे, क्षयरोग : यातले काहीही घरमालकाच्या हाती पडू देऊ नका. नाव काढले तरी ठिपका दार दाखवतोच. नकाशा मोठ्या विभागांच्या सरासरीने काढा आणि मूळ अक्षांश-रेखांश नावांपासून वेगळ्या, कुलूपबंद फाइलीत ठेवा. माहिती इतरांना द्यायची असेल तर ठिकाणे मुद्दाम हलवतात. अनेक देशांत झालेल्या 'डेमोग्राफिक अँड हेल्थ सर्व्हे' या लोकसंख्या आणि आरोग्याच्या पाहणीत शहरी समूहांची (पाहणीसाठी निवडलेल्या घरांच्या गटांची) ठिकाणे 2 किलोमीटरपर्यंत सरकवलेली असतात. माहिती-व्यवस्थापनाचा हा खर्च, तसेच मुलाखतीला वेळ देणाऱ्या कुटुंबांचा मोबदला, अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीवर दाखवा. 'इतर' खाली ढकललेली रक्कम कपातीत सर्वात आधी जाते.