दारातला मिडबास निवडताना

प्रश्न : माझ्या हॅचबॅकच्या डिकीत दहा इंची सबवूफर आणि ४ ओमवर प्रत्येक चॅनेलला ७५ वॅट देणारा चार चॅनेलचा अ‍ॅम्प्लिफायर बसवून झाला आहे. आता पुढच्या दारांसाठी साडेसहा इंची मिडबास स्पीकर घ्यायचा आहे. दोन पर्याय समोर आहेत आणि दोन्ही ४ ओमचे आहेत. पहिल्याचा कोन कार्बन फायबरचा असून त्याच्या खोक्यावर ‘कमाल ३५० वॅट’ असे छापले आहे, संवेदनशीलता २.८३ व्होल्टला ९२ डेसिबल, एफएस ७८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि एक्समॅक्स ३ मिलिमीटर. दुसऱ्याचा कोन कागदी आहे. ८० वॅट आरएमएस, संवेदनशीलता १ वॅटला ८८ डेसिबल, एफएस ५८ हर्ट्झ, क्यूटीएस ०.६० आणि एक्समॅक्स ५ मिलिमीटर. दुकानदार पहिला घ्या म्हणतात. मी प्रामुख्याने भजने आणि तबलावादन ऐकतो. हे मोजमाप कसे वाचावे आणि घेतल्यावर स्पीकर कसा पारखावा?
— एक वाचक, कासारवडवली, ठाणे

उत्तर : आपण दिलेल्या आकड्यांवरून आपल्यासाठी दुसरा स्पीकर निःसंशय योग्य आहे. मिडबासचे काम साधारण ८० हर्ट्झपासून ३००-४०० हर्ट्झपर्यंतचे. डग्ग्याचा घुमार, पखवाजाची भरीव थाप आणि पुरुष गायकाच्या आवाजातील छातीचा भाग हे सगळे बहुतांशी याच पट्ट्यात असते. हा पट्टा दुबळा असला, तर सबवूफर कितीही चांगला असो, थाप समोरून न येता डिकीतून आल्यासारखी वाटते.

प्रथम संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीला स्पीकर किती मोठा वाजतो ते पाहू. पहिल्याचे ९२ डेसिबल हे २.८३ व्होल्टला मोजलेले आहेत. ८ ओमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॅट होतो, पण ४ ओमच्या स्पीकरला तेच व्होल्ट २ वॅट देतात, आणि शक्ती दुप्पट झाली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे १ वॅटच्या हिशोबाने पहिला स्पीकर ८९ डेसिबलचाच आहे आणि दुसऱ्यापेक्षा केवळ १ डेसिबलने पुढे आहे. खोक्यावर दिसणारा ४ डेसिबलचा फरक मोजण्याच्या पद्धतीतून आला आहे.

आता खालच्या स्वरांकडे वळू. एफएस म्हणजे ज्या वारंवारतेला कोन आपल्या स्वाभाविक लयीत डोलतो ती वारंवारता, आणि क्यूटीएस म्हणजे त्या डोलण्यावर एकूण किती लगाम आहे त्याचे माप. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि त्यांच्यानंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी ही मापे पेटीच्या गणिताशी पक्की जोडली, म्हणून त्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. गाडीचे दार ही काटेकोर बंद पेटी नसते. ती मोठी आणि फटी असलेली पोकळी असते, त्यामुळे तेथे स्पीकर जवळपास मोकळ्या हवेतल्या मापांप्रमाणेच वागतो. अशा जागी ०.५ ते ०.७ च्या दरम्यानचा क्यूटीएस मला सर्वांत सोयीचा वाटतो. पहिल्या स्पीकरचा आवाज ७८ हर्ट्झलाच सुमारे ७ डेसिबलने खाली आलेला असेल, तर दुसऱ्याचा ८० हर्ट्झला केवळ २ डेसिबलच्या आसपास. संवेदनशीलतेतला १ डेसिबलचा लाभ धरूनही पहिला या टप्प्यावर ४ डेसिबलने मागे पडतो, आणि ते भरून काढायला अडीचपट शक्ती लागेल.

ती शक्ती आपल्या अ‍ॅम्प्लिफायरकडे असली, तरी कोनाला तेवढी चाल हवी. खालच्या स्वरांत आवाजाची मर्यादा वॅट क्वचितच ठरवतात. ती ठरते कोनाचे क्षेत्रफळ आणि त्याची पुढेमागे होणारी हालचाल यांवर. कोन एका दिशेला नीट किती हलू शकतो, त्याचे माप म्हणजे एक्समॅक्स. साडेसहा इंची कोनाचे प्रभावी क्षेत्रफळ सुमारे १३५ चौरस सेंटिमीटर धरले, तर ५ मिलिमीटर चालीने एक स्पीकर मोठ्या सपाट फळीवर, १ मीटर अंतरावर, ८० हर्ट्झला अंदाजे १०१ डेसिबल देऊ शकतो. ३ मिलिमीटर चालीने ही मर्यादा ९७ डेसिबलच्या आत येते. गाडीत आकडे वेगळे येतील, पण दोघांमधला फरक तसाच राहील. शिवाय तोच आवाज एक सप्तक खाली हवा असेल, तर चाल चौपट लागते. म्हणूनच दोन्ही स्पीकरांना ८० हर्ट्झच्या खालचे स्वर अडवणारा हाय-पास फिल्टर लावणे अत्यावश्यक आहे.

येथे एक खबरदारी मात्र घ्यावी. एक्समॅक्स सगळेच उत्पादक एकाच रीतीने मोजत नाहीत. काही जण व्हॉइस कॉइलची (कोन हलवणाऱ्या तारेच्या गुंडाळीची) उंची आणि चुंबकीय फटीची उंची यांतील फरकाचा निम्मा भाग देतात, तर काही जण विकृती ठरावीक मर्यादेपर्यंत पोचेल तेवढी चाल मोजून देतात. दोन्ही स्पीकरांच्या माहितीपत्रकांत ही पद्धत विचारून घ्यावी, कारण वेगळ्या पद्धतींचे आकडे शेजारी ठेवून तुलना करणे व्यर्थ आहे. ३५० वॅटच्या आकड्याकडे दुर्लक्ष करावे. तो क्षणिक कमाल शक्तीचा आहे, आपला अ‍ॅम्प्लिफायर ७५ वॅटचा आहे आणि ८० वॅट आरएमएसचा, म्हणजे सलग तेवढी शक्ती पेलणारा, स्पीकर त्याला पुरेसा आहे. कार्बन फायबर वाईट नाही, पण ४०० हर्ट्झच्या खाली कोन कशाचा आहे यापेक्षा तो किती हलतो आणि कशात बसवला आहे, याला फार अधिक महत्त्व आहे.

खरेदी झाल्यावर दारात बसवण्याआधी दोन्ही नग टेबलावर तपासावेत. कोनाच्या कडेला दोन्ही बाजूंनी बोटे ठेवून तो सरळ आत दाबावा. खरखर जाणवली तर कॉइल घासते आहे. मग काही तास मध्यम आवाजात वाजवून लॅपटॉपच्या हेडफोन जोडणीतून १०० ओमच्या रोधामार्फत साइन स्वर (एकाच वारंवारतेचा शुद्ध स्वर) द्यावा आणि स्पीकरच्या दोन टोकांवरचा एसी व्होल्टेज मल्टिमीटरने पाहावा. वारंवारता हळूहळू वाढवत नेली की ज्या ठिकाणी व्होल्टेज सर्वाधिक होतो, ती एफएस. छापील आकड्यापेक्षा ती थोडी वेगळी आली तर काळजी नको, परंतु डाव्या व उजव्या नगांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर मी जोडी बदलून मागेन.

गाडीत तुलना करताना आवाजाची पातळी पिंक नॉइज (सर्व सप्तकांत सारखी शक्ती असलेला चाचणीचा सरसर आवाज) लावून, मीटरने, अर्ध्या डेसिबलच्या आत जुळवून घ्यावी. १ डेसिबलने मोठा असलेला स्पीकर बहुतेकांना ‘अधिक भरीव’ वाटतो आणि तिथेच निर्णय चुकतो. मोजण्यासाठी आरईडब्ल्यू हे विनामूल्य सॉफ्टवेअर आणि मापनाचा साधा यूएसबी मायक्रोफोन पुरतो. मायक्रोफोन एका जागी न ठेवता चालकाच्या डोक्याभोवती फिरवत सरासरी घ्यावी. आलेखात सव्वाशे हर्ट्झच्या आसपास फुगवटा वा खड्डा दिसला तर लगेच स्पीकरला दोष देऊ नये. गाडीची आतली रुंदी १.४ मीटरच्या आसपास असते आणि त्या रुंदीचा पहिला अनुनाद नेमका तिथेच येतो.

कानाने पारखण्यासाठी तबल्याइतके उत्तम साधन दुसरे नाही. डग्ग्यावर ‘घे’ वाजवून मनगटाने दाब देत काढलेली मींड ऐकावी. स्वर वर सरकत असताना एखाद्या ठिकाणी आवाज अचानक फुगला किंवा हरवला, तर त्या जागी दार किंवा स्पीकर गडबड करतो आहे. पखवाजाच्या डाव्या अंगाला कणीक लावलेली असते, त्यामुळे तिथली थाप खोल पण कोरडी येते. ती रेंगाळत राहिली तर दाराचा पत्रा थरथरतो आहे असे समजावे. हे ऐकणे आधी इंजिन बंद ठेवून सोसायटीच्या पार्किंगमध्ये करावे आणि नंतर घोडबंदर रस्त्यावर गाडी चालवताना, कारण टायरचा आणि शेजारून जाणाऱ्या अवजड ट्रकांचा आवाज नेमका खालचाच पट्टा झाकतो. चालत्या गाडीत थाप हरवते म्हणून पार्किंगमध्ये केलेले संतुलन पूर्ण बिघडवू नये. २-३ डेसिबलची वाढ पुरेशी होते.

प्रश्न : मिडबास बसवताना आमच्या कारागिराने दाराच्या आतल्या पत्र्याची सगळी भोके डॅम्पिंग शीटने (पत्र्याची थरथर शोषणाऱ्या चिकट पट्टीने) बंद केली आणि खालची छोटी छिद्रेही बुजवू का, असे विचारले. स्पीकरखालची रिंग एमडीएफची (दाबलेल्या लाकडी तंतूंच्या फळीची) आहे. पावसाळ्यात त्रास होईल का?
— एक वाचक, नेरूळ, नवी मुंबई

उत्तर : खालची छिद्रे कोणत्याही परिस्थितीत बुजवू देऊ नका. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत उतरते आणि त्याच छिद्रांतून बाहेर जाते. ती बंद झाली तर पाणी साचून पत्रा गंजेल आणि एखाद्या दिवशी स्पीकरच्या चुंबकापर्यंत पोचेल. आतल्या पत्र्याची मोठी भोके बंद केली हे मात्र चांगले झाले. कोनाच्या मागच्या बाजूचा आवाज पुढच्या आवाजात मिसळला की खालचे स्वर एकमेकांना खोडतात, आणि मिडबास ‘लागत नाही’ या तक्रारीचे सर्वांत मोठे कारण तेच असते. माझ्या मते महागड्या स्पीकरपेक्षा या कामावर केलेला खर्च अधिक फळतो.

एमडीएफ ओलाव्याने फुगते, स्क्रू सैल होतात आणि रिंग हवा सोडू लागते. नवी मुंबईच्या पावसात ती टिकेल असे मी म्हणणार नाही. एचडीपीई किंवा एबीएस प्लास्टिकची रिंग बनवून घ्यावी, आणि एमडीएफच ठेवायची असेल तर कडा व स्क्रूची भोके इपॉक्सीने पूर्ण मुरवून घ्यावीत. रिंग आणि पत्रा यांच्यामध्ये बंद पेशींच्या फोमची पट्टी लावावी. नवी रिंग जाडीने वेगळी असेल, तर काच पूर्ण खाली घेऊन ती चुंबकाला लागत नाही हे ट्रिम पॅनेल बसवण्याआधी पाहावे.

प्रश्न : डॅशबोर्डातल्या हेड युनिटवर (गाडीच्या म्युझिक सिस्टिमवर) ‘५० वॅट गुणिले ४’ लिहिले आहे. मग मिडबाससाठी वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : लागेल. तो आकडा कमाल शक्तीचा आहे. अशा युनिटमधून सलग मिळणारी शक्ती प्रत्येक चॅनेलला साधारण २० वॅट असते. अ‍ॅम्प्लिफायर घेताना १४.४ व्होल्ट, ४ ओम आणि १ टक्का विकृती या अटींवर मोजलेले आरएमएस वॅट पाहावेत, आणि २ ओमचा स्पीकर हेड युनिटला थेट जोडू नये.