एका जागेत न मावणारा खेळाडू आणि अमेरिकेतले कॉलेज

आपला मुलगा सतरा वर्षांचा आहे, उंची सहा फूट पाच इंच आहे, आणि नागपूरच्या बास्केटबॉल संघात तो कधी चेंडू वर घेऊन येतो तर कधी बास्केटखाली उभा राहतो. त्यामुळे त्याची नेमकी जागा कोणती, असे प्रशिक्षक सतत विचारतात, हे आपण कळवले आहे. त्याला अमेरिकेतल्या कॉलेजात पाठवावे का आणि त्याआधी एका जागेवर पक्के करावे का, हे आपले दोन प्रश्न आहेत. मी बरीच वर्षे मिशिगन राज्यात, ईस्ट लान्सिंगजवळ राहतो आणि मिशिगन स्टेट विद्यापीठाचा संघ आस्थेने पाहत आलो आहे, म्हणून तिथल्याच ड्रेमंड ग्रीन या खेळाडूच्या आधारे उत्तर देतो.

ग्रीन याच राज्यातल्या सॅगिनॉ शहराचा. शाळेच्या संघाला राज्य विजेतेपद मिळवून देऊन तो २००८ मध्ये मिशिगन स्टेटचे प्रशिक्षक टॉम इझो यांच्या हाताखाली आला, तेव्हा सहा फूट सहा इंचांची त्याची उंची सेंटरला (बास्केटजवळ खेळणाऱ्या सर्वांत उंच खेळाडूला) अपुरी वाटत होती आणि अंगाची ठेवण गार्डला (चेंडू वर आणणाऱ्या चपळ खेळाडूला) जड. पहिल्या हंगामात त्याची सरासरी सामन्यामागे ३.३ गुण आणि तितकेच रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर परत मिळवलेले चेंडू) एवढीच होती. संघ त्या वर्षी डेट्रॉइटला अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि नॉर्थ कॅरोलायनाकडून हरला, पण ग्रीनचे काम बाकावरून येऊन काही मिनिटे बचाव करण्याचे होते. दुसऱ्या वर्षीही तो बहुतेक वेळा बाकावरूनच येत असे, मात्र सरासरी ९.९ गुण आणि ७.७ रिबाउंडवर गेली आणि मिशिगन स्टेट ज्यात खेळते त्या बिग टेन या विद्यापीठांच्या गटाने, म्हणजे परिषदेने, त्याला सर्वोत्तम सहावा खेळाडू (बाकावरून येणाऱ्यांत सर्वोत्तम) ठरवले. तिसऱ्या वर्षी सामन्यामागे चारांहून अधिक असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आले, आणि चौथ्या वर्षी, २०१२ मध्ये, १६.२ गुण व १०.६ रिबाउंडसह तो त्याच परिषदेचा सर्वोत्तम खेळाडू झाला.

या आकड्यांपेक्षा त्याचा खेळ कसा वाढला, ते महत्त्वाचे आहे. रिबाउंड घेतल्यावर चेंडू गार्डकडे न सोपवता तो स्वतःच घेऊन निघे, त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांना बचावाची मांडणी करायला वेळ मिळत नसे. फ्री थ्रोच्या रेषेजवळ त्याच्याकडे चेंडू आला की समोरच्या उंच खेळाडूला बास्केट सोडून बाहेर यावे लागे, आणि मोकळ्या झालेल्या जागेत शिरणाऱ्या सहकाऱ्याला तो पास देई. एनसीएए, म्हणजे अमेरिकी कॉलेज-खेळांची संघटना, हिच्या राष्ट्रीय स्पर्धेत २०११ मध्ये यूसीएलएविरुद्ध २३ गुण, ११ रिबाउंड, १० असिस्ट आणि पुढच्या वर्षी एलआययू ब्रुकलिनविरुद्ध २४, १२, १० अशी कामगिरी त्याने केली. या स्पर्धेत एकाहून अधिक ट्रिपल-डबल (एकाच सामन्यात गुण, रिबाउंड, असिस्ट अशा तीन बाबींत दहा किंवा अधिक) त्याच्याआधी फक्त ऑस्कर रॉबर्टसन आणि मॅजिक जॉन्सन यांच्या नावावर होते. तरीही एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेत) गोल्डन स्टेट वॉरियर्सने त्याला घेतले ते ३५ व्या क्रमांकावर, कारण त्याची जागा कोणती, हा आपल्याला छळणारा प्रश्न तिथल्या निवडकर्त्यांनाही सुटत नव्हता. २०१४ च्या हंगामाच्या तोंडावर त्याच संघातला डेव्हिड ली जखमी झाला, ग्रीन सुरुवातीच्या पाचांत आला, आणि गार्डपासून सेंटरपर्यंत कुणालाही अडवण्याची त्याची क्षमता त्या संघाच्या बचावाचा कणा ठरली. २०१७ मध्ये तो एनबीएचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

म्हणून मुलाला एका जागेत कोंबू नका, असे माझे ठाम मत आहे. मात्र सगळे थोडेथोडे येणे म्हणजे अष्टपैलुत्व नव्हे. डाव्या हाताने अचूक पास, आपल्यापेक्षा चपळ गार्डसमोर टिकणारे पाय आणि दूरचा फटका, या तिन्ही गोष्टी त्याने रोज घोटल्या पाहिजेत. प्रशिक्षकांना निवडक क्षणांची चित्रफीत पाठवण्याऐवजी दोन पूर्ण सामने पाठवा, कारण चेंडू हातात नसताना मुलगा काय करतो, ते त्यातच दिसते.

आता काळजीची बाजू. ग्रीनला मिळाली तशी चार वर्षांची सबुरी आज दुर्मिळ झाली आहे. ट्रान्सफर पोर्टलमुळे (कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नोंदणीमुळे) प्रशिक्षकांना तयार, वयाने मोठे खेळाडू इतर कॉलेजांतून घेता येतात, त्यामुळे नवख्याला बाकावर बसवून शिकवण्याची गरज त्यांना कमी भासते. म्हणून मोठ्या नावामागे न जाता, जिथे पहिल्या वर्षी थोडी तरी मिनिटे मिळतील असे डिव्हिजन दोनचे (एनसीएएच्या तीन स्तरांपैकी मधल्या स्तराचे), एनएआयए या लहान कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेचे किंवा दोन वर्षांचे ज्युनियर कॉलेज मी आधी पाहीन. डिव्हिजन तीनमध्ये खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही, हे ध्यानात असू द्या.

अभ्यास बाजूला पडता कामा नये. सर्वांत वरच्या डिव्हिजन एकसाठी शाळेतल्या ठरावीक मूलभूत विषयांचे १६ अभ्यासक्रम आणि त्यांत चारपैकी किमान २.३ ची सरासरी लागते, त्यामुळे नववीपासूनच्या गुणपत्रिका आतापासूनच जुळवून ठेवा. पंजाबचा सतनाम सिंग भामरा फ्लोरिडातल्या अकादमीतून, कॉलेजात न खेळता, २०१५ मध्ये थेट ड्राफ्टमध्ये उतरला. एनबीएतल्या डॅलस संघाने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतले, पण एनबीएच्या एकाही सामन्यात तो खेळू शकला नाही. एवढ्या गुणी मुलाला कॉलेजातली घडण्याची वर्षे मिळायला हवी होती, असे मला फार वाटते.

पैशांबाबत एक गैरसमज दूर करतो. इथले खेळाडू जाहिरातींतून कमावतात हे खरे आहे, पण एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या मुलाच्या कमाईवर कडक मर्यादा आहेत आणि असा करार व्हिसाच धोक्यात आणू शकतो, त्यामुळे कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला विचारल्याशिवाय कुठेही सही करू देऊ नका.

प्रशिक्षकांशी बोलणे होईल तेव्हा मागच्या तीन वर्षांत नवखे म्हणून आलेल्यांपैकी किती जण अजून त्यांच्याकडे आहेत, शिष्यवृत्ती दर वर्षी नव्याने द्यायची आहे का आणि दुखापत झाल्यास उपचारांचा खर्च कोण करतो, हे स्पष्ट विचारा आणि उत्तरे लेखी मागा.